चवळीवर अजून थोडा मावा आहे

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
श्रावणातला पहिला सोमवार

सौ. नीलिमाताई यांना,

प्रमोदिनीचा मनापासून नमस्कार. पुरुषोत्तमरावांनाही सांगा. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा रक्तदाब तुमच्या ताब्यात आहे असं सुखदाकडून कळलं, बरं वाटलं. (आमच्या नागपूरच्या घराण्यात उलट असतं, आम्ही रक्तदाबाच्या ताब्यात असतो.) इकडे निहार, सुखदा आणि (अजून) मी, तिघंही सुखरूप आहोत. पाकीट पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही आणि कोणी यायचंही नाही. त्या दुसऱ्या बाबतीत मी मुलांना विचारत नाही, तुम्हीही विचारायचं नाही, हे आपलं दोघींचं ठरलेलंच आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. विहीणबाई, राग मानू नका, पण तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवायची पद्धत आहे. मी हॅलो म्हटलं की तुम्ही, पुरुषोत्तमराव, कुकर आणि बहुधा समोरच्या फ्लॅटमधल्या बाई असे सगळे ऐकत असता. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. आम्हीही लोकांचं बोलणं ऐकायचो, नाही म्हणत नाही, पण लोकांना ते ठाऊक नसे, त्यामुळे ती बिचारी मोकळेपणानं बोलत. मला तुमच्या झाडांबद्दल सविस्तर आणि खरं सांगायचं आहे, आणि खरं सांगताना मधे कुकरची शिट्टी झाली की माणूस तेवढ्यात थोडं खोटं बोलून जातो.

तर झाडं. अक्षय तृतीयेनंतर तुम्ही नाशिकला निघालात, त्या दिवशी गच्चीवर माझे दोन्ही हात धरून म्हणालात, "विहीणबाई, माझी वांगी, भेंडी आणि चवळी तुमच्यावर सोपवते." (लग्नात आम्ही मुलगी सोपवली तेव्हा तुम्ही केटररशी बोलत होतात, ते मी मनात ठेवलेलं नाही.) मी मोठ्या तोंडानं हो म्हणून बसले. आता उघडच सांगते, त्या वेळी मला तुमची झाडं दिसतच नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यासाठीच तर इथे आलेली. मला गच्चीत एक हिरवा ढग दिसत होता आणि त्या ढगाला रोज पाणी घालायचं, एवढंच मला कळलं होतं. जाताना रिक्षात बसता बसता तुम्ही आणखी एक वाक्य बोललात, "डोळे झाले की तुम्हालाही घरची ओढ लागेलच." मी त्यालाही हो म्हटलं. सासुरवाशिणीच्या आईला सासरच्या माणसांपुढे हो म्हणायची सवयच असते.

पुढे पहिला डोळा झाला. पट्टी काढल्यावर मला पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो आरशातला माझा स्वतःचा चेहरा. (सुखदाला म्हटलं, हे कधीपासून असं आहे? ती म्हणाली, बरीच वर्षं.) आणि दुसरी गोष्ट स्पष्ट दिसली ती गच्चीवरच्या चवळीचा मावा. शेंड्यांना काळे दाणे लगडले होते, मला आधी वाटलं चवळीला काही बहर वगैरे येतो. जवळ गेले तर बहर चालत होता. पानं खालून चिकट, वळलेली. मुंग्यांची वर-खाली ये-जा, जशी काही त्यांनी गुरं पाळली आहेत आणि दूध काढायला निघाल्या आहेत. भेंडीवर पांढरा कापूस, तोही चालणारा. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. ढगाला मी इमानानं पाणी घातलं होतं आणि ढगात हे सगळं खेडं वसलं होतं.

मी तुम्हाला फोन केला, त्याला स्पीकर लागलाच. तुम्ही शांतपणे सांगितलंत: विकतचं औषध झाडांना लावायचं नाही, भाजी आपणच खाणार आहोत, लिंबोळ्या आणा, आतल्या बिया कुटा, पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगाला फवारा. मागून पुरुषोत्तमरावांनी सांगितलं की ऊन असताना नको. अगदी सोपं. पण लगेच माझा दुसरा डोळा ठरला. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, काळा चष्मा लावून बसायचं. मी सोफ्यावर एखाद्या निवृत्त गुंडासारखी बसून राहिले, आणि वर मावा वाढत होता.

इथे तुंगाबाई येतात. तुम्ही त्यांना घरमालकीण म्हणूनच ओळखता, कारण तुमचं तुमच्या झाडांपलीकडे इथे कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान गुंडूराव. मराठीच आहेत, पण त्यांचे पूर्वज कधी इकडे आले हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांची मराठी मला सुरुवातीला निम्मी कळायची, माझी त्यांना पाव. मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे थोडा सांभार मागायला गेले, तर त्यांनी वाटीभर गरम आमटी दिली. (नागपुरात सांभार म्हणजे कोथिंबीर, हे तुम्हा नाशिककरांनाही सांगावं लागतं, तर बेंगळुरूकरांना काय दोष द्यायचा.) मला काळ्या चष्म्यात पाहून त्या वर आल्या, म्हणाल्या, "अक्का, तुम्ही स्वल्प बसा. मी करते की औषध. काय काय लागतं, सांगा फक्त." मी तुमची कृती शब्द न शब्द सांगितली, फक्त लिंबोळ्या ऐवजी आमच्या तोंडी निंबोळ्या आलं. त्या जरा घुटमळल्या, "निंबोळी म्हणजे... लहान लहान निंबे, नव्हे?" मी म्हटलं, हो, लहानच असतात. "सरी," म्हणजे बरं, म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी झाकलेली बादली वर आली. निहारनं फवारलं. मला वाकायला बंदी होती, म्हणून मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते: खालून, खालून, पान उलट कर. तो म्हणाला, "आई, वास काय मस्त येतोय हो." येत होता खरा. मला वाटलं, साबण लिंबाचा असेल. दुसऱ्या दिवशी उन्हानंतर चवळीच्या पानांवर तपकिरी डाग, भेंडीच्या कडा करपलेल्या, आणि मावा जागच्या जागी, चकचकीत, आंघोळ करून बसल्यासारखा. संध्याकाळी तुंगाबाई विचारायला आल्या, "अक्का, बरी झाली का झाडं? ह्या दिवसांत निंबे हण्णू चांगले मिळत नाहीत. मी सालीसकट वाटले. उरलेल्यांचं लोणचं घातलं आहे, तुम्हाला एक बरणी देते."

निंबे हण्णू म्हणजे लिंबू. ह्यांच्या भाषेत निंब हा लिंबाचा, आणि आपल्या निंबाला म्हणतात बेवु. त्या माऊलीनं पिशवीभर लिंबं स्वतःच्या हातानं वाटून तुमच्या चवळीला सरबत पाजलं होतं, आणि मनात म्हणत असेल, ह्या महाराष्ट्रातल्या लोकांचं काही सांगता येत नाही. मी तिथेच हसत सुटले. त्यांना कारण सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना गच्चीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. मग मला वाटलं, आपण तरी कुठले शहाणे? तुम्ही कडुलिंब म्हणता आणि सरबताला लिंबूच म्हणता. एकच शब्द दोन झाडांना वाटून दिला आहे आणि मधे नुसता कडूपणा उभा केला आहे. पहिल्यांदा ज्यांनी नावं ठेवली ते लोक माझ्यासारखेच मोतीबिंदूवाले असणार.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दुसरा डोळाही चांगला झाला म्हणून सांगितलं. आता काही नाही, म्हणाले, नागपूरला खुशाल जा. घरी येताना गाडीत सुखदानं फोन हातात घेतला आणि सहज विचारलं, "आई, तिकीट कधीचं बघू?" अगदी सहज. मी तिला जन्म दिला आहे, तिच्या आवाजातलं सहज मला कळतं. पण माझ्या तोंडून चटकन निघालं, "मावा गेला की बघ. विहीणबाईंची झाडं अशी अर्धवट टाकून कशी जाऊ?" ती म्हणाली, "हं, बरोबर." आणि फोन पर्समध्ये ठेवला. निहार गाडी चालवत होता.

मग दुसरा प्रयोग. तुंगाबाईंना मी आता नीट समजावलं: झाड मोठं, पान करवतीसारखं, चव कडू. "अय्यो, बेवु!" म्हणाल्या. त्यांनी गुंडूरावांना फोन लावला. गुंडूराव दर आठवड्याला मल्लेश्वरमला थोरल्या भावाकडे जातात, तिथल्या बाजारावर त्यांची फार श्रद्धा आहे. त्यांचं म्हणणं, एचएसआरमध्ये जे मिळतं ते सगळं मल्लेश्वरममध्ये उरलेलं असतं. ते दोन मेट्रो आणि एक बस करून, घामाघूम होऊन, छातीशी एक मोठं गाठोडं धरून आले. सोडलं तर आत कढीपत्ता. इथे कढीपत्त्याला करिबेवु म्हणतात. गुंडूरावांनी आयुष्यभर बाजारातून आणलेला बेवु एकच, स्वयंपाकातला. मला हसू आवरेना, कारण आमच्या विदर्भातही कढीपत्त्याला गोडनिंबच म्हणतात. म्हणजे ह्यांनाही ती दोन पानं भाऊबंद वाटली आणि आम्हालाही. दोन्हीकडे एकाला डोक्यावर चढवलं आणि दुसऱ्याला फोडणीत घातलं.

आता मला ओळखू आलं होतं, मग मी तो वापरला कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारूच नका. गुंडूराव पंख्याखाली बसून घाम पुसत होते, त्यांना परत पाठवायचं? शिवाय नात्यातलं पान आहे, काही गुण असेलही, असा मी विचार केला. (माणूस मनातल्या मनात किती शास्त्रीय होऊ शकतो, ते मला ह्या उन्हाळ्यात कळलं.) वाटलं, भिजवलं, गाळलं, फवारलं. सगळ्या इमारतीला उपम्याचा वास. शेजारच्या घरातल्या आजोबांनी वर मान करून, नाश्त्याला काही आहे का, असं विचारलं. निहारची ऑफिसची मीटिंग चालू होती, तो वर येऊन म्हणाला की तिकडे पुण्यात बसलेल्या माणसालाही भूक लागली. तुंगाबाई म्हणाल्या, "आता स्वल्प मोहरी घातली की झालं." मावा तृप्त दिसत होता.

इथे सुखदाचा धीर सुटला. तिनं फोनवर कडुनिंबाच्या तेलाची बाटली मागवली आणि मी चहाला आधण ठेवलं ते उकळायच्या आत बाटली दारात. बेंगळुरूत सगळं असंच येतं, भाजी, औषध, केक. माणसाला वाट बघायला काही उरतच नाही. मी म्हटलं, विहीणबाईंनी विकतचं नको म्हणून सांगितलं आहे, आणि बाटली नीट ठेवून दिली. दोन दिवसांनी सुखदानं विचारलं तर मला ती सापडेना. इतकी नीट ठेवली होती.

शेवटी खरा निंब मला स्वतःलाच दिसला. सकाळी फिरायला जाते त्या पार्कच्या मागच्या कोपऱ्यात, नळाजवळ. इतके दिवस मी त्याच्याखालून जात होते, पण जुने डोळे वर बघायला तयार नव्हते आणि नवे डोळे घरातली जळमटं बघण्यात गुंतले होते. खाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. मी तिथेच बसले आणि ओच्यात वेचायला लागले. तुंगाबाई सोबत होत्या, त्यांनी पदर पसरला. वॉचमन आला, कन्नडमध्ये काहीतरी जोरात बोलला. पार्कमधलं काही उचलायचं नाही, असं असावं. तुंगाबाईंनी क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणाल्या, "हरके." हरके म्हणजे नवस. वॉचमननं माझ्याकडे पाहिलं. काळा चष्मा, पांढरे केस, झाडाखाली मांडी. त्यानं चप्पल काढली आणि हात जोडले. इकडे निंब म्हणजे देवीचं झाड. दुसऱ्या दिवशी त्यानं निंबोळ्या झाडून एका बाजूला रास करून ठेवली होती, आणि फिरायला येणाऱ्या बायका मला वाट देऊ लागल्या. एकीनं डोळ्यांचा नवस का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तसं बघितलं तर डोळ्यांमुळेच होता. नवस फिटल्यावर प्रसाद मागितला त्यांनी, तेव्हा तुंगाबाईंनी लिंबाचं लोणचं वाटलं. ती बरणी अशी कारणी लागली.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. गर चोळून काढला (हाताचा वास जेवतानाही जाईना), बिया गच्चीच्या जिन्यात सावलीत वाळवल्या, तुंगाबाईंच्या दगडी उखळात आम्ही दोघींनी आळीपाळीनं कुटल्या. मिक्सरला सुखदानं हात लावू दिला नाही. फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवलं, सकाळी पाणी दुधासारखं. मी बोटाचं टोक लावून चाखलं, तर दुपारचा आमरस कडू लागला. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी घातलं. ऊन उतरल्यावर फवारलं, पान न पान उलटून. आता वाकायची परवानगी होती, म्हणून मीच. आणि मग रोज जाऊन बघायची. काही नाही. मावा जिवंत. पिठ्या ढेकूण जिवंत. मुंग्या कामावर. मी तुम्हाला फोन करून तक्रार केली, आठवतं? तुम्ही म्हणालात, "अहो, निंबाने ते पटकन मरत नाहीत. त्यांची खायची इच्छा जाते. वाढायचे थांबतात." आणि मागून पुरुषोत्तमराव म्हणाले, "मग हळूहळू आपले आपण निघून जातात."

त्या वाक्यानंतर मी किती तरी वेळ गच्चीवर बसून होते. म्हटलं, हे तर आपल्याकडे माणसांच्या बाबतीतही असंच करतात. पाहुणा जास्त दिवस राहिला तर त्याला जा म्हणत नाहीत. नुसता पानावर थोडा कडूपणा फवारतात. खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही असा. आमटी तीच, पण वाढायला उशीर. चहा तोच, पण "घेणार का?" असं विचारून. पाहुण्याची खायची इच्छा जाते आणि तो आपला आपण निघून जातो. नागपुरात आमचे हे गेल्यानंतर दिरांकडे मी सहा महिने राहिले होते, तिथे मला ही विद्या शिकायला मिळाली. ते मला एक शब्द वावगा बोलले नाहीत, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

तेव्हापासून मी इथे काय करते ठाऊक आहे? जेवायला बसले की पानं उलटून बघते. सुखदा "आई, पोळी घे" म्हणाली की त्यातला "घे" चाखते. निहार ऑफिसातून येऊन सरळ खोलीत गेला तर मी मोजायला लागते, कालही गेला होता का. काही सापडत नाही हो. तो खोलीतून बाहेर येतो आणि माझ्याशेजारी बसून मोबाइलवर क्रिकेट बघतो, मधेच "आई, हा आउट होता की नाही?" विचारतो. मला क्रिकेट कळत नाही, मी आउट म्हणते. (तो "आई" अशी हाक मारतो तेव्हा तुमचा फोन आला आहे की मला बोलावतो आहे, हे मला अजून कळत नाही. मी दोन्ही वेळा उठते.) न सापडणारी गोष्ट शोधत बसण्याइतकं दमवणारं काही नाही. डोळे चांगले झाल्याचा हाही एक तोटा.

असो. लिहिता लिहिता भलतीकडे गेले. तुमच्या झाडांचं असं आहे की आता तीन वेळा फवारून झालं आहे. वांगी पुष्कळ सुधारली, भेंडीला नवी पानं आली. पण चवळीवर अजून थोडा मावा आहे. म्हणून माझं नागपूरला जाणं लांबलं आहे. नाइलाज आहे. तुम्ही विश्वासानं सोपवलेलं काम मी अर्धवट सोडणार नाही, ह्याबद्दल निश्चिंत असा. तब्येतीला जपा, पुरुषोत्तमरावांना एकट्यानं जिना चढू देऊ नका, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनाही माझा नमस्कार सांगा, त्या माझ्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत.

तुमची,
प्रमोदिनी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहावंच लागेल. चवळीवर मावा नाही. जाऊन बरेच दिवस झाले. शेवटचे दोन्ही फवारे मी स्वच्छ पानांवर मारले. घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुंगाबाईंनाही नाही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे, आणि एवढं मोठं पत्र त्यासाठीच लिहिलं. पुढच्या वेळी निहारशी बोलाल तेव्हा बोलता बोलता सहज सांगा की मावा एकदा गेला तरी पुन्हा येतो, पानं रोज उलटून बघणारं कुणीतरी घरात लागतं. हे खोटं नाही, कोणालाही विचारा. मला त्या रिकाम्या घरात परत जायची ओढ लागत नाही, विहीणबाई. घर तुमच्या मुलाचं आहे, म्हणून सुखदाला न विचारता तुम्हाला विचारते आहे. नको वाटलं तर काही लिहू नका, मी समजेन.

आणखी एक. तुम्ही दिवाळीला येणारच आहात. खोली तुमची आहे आणि मी तुमच्या पलंगावर झोपते, ह्याचा मला रोज संकोच होतो. पण त्या खोलीत दोन पलंग बसतात. कपाट जरा खिडकीकडे सरकवावं लागेल. मी मापून पाहिलं आहे.

पुन्हा ता. क. पाकीट अजून चिकटलेलं नाही, कारण आत्ताच निहार गच्चीवर येऊन गेला. मी खुर्चीवर हे लिहीत होते, तो सरळ चवळीकडे गेला. मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला. त्यानं एक शेंडा हातात घेतला, पान उलटलं, दुसरं उलटलं. ऊन स्वच्छ होतं आणि पान आरशासारखं. बराच वेळ त्या पानाकडे बघून तो म्हणाला, "आई, अजून आहे हो थोडा मावा. मला वाटतं, हा काही इतक्यात जात नाही." मी म्हटलं, "हो ना रे." "सुखदाला सांगतो मी," म्हणाला आणि खाली गेला.

एवढंच विचारायचं होतं. निहारची नजर लहानपणापासून चांगलीच आहे ना हो?